पुरूदादांच्या गाडीचं चिलखत

पुरूदादा राऊत रोज सकाळी सात वाजता स्वतःच्या पिकअपखाली झोपत.

आधी गोणपाट अंथरायचं, चपला शेजारी जोडून ठेवायच्या, बॅटरी तोंडात धरायची आणि पाठीवर सरकत सरकत गाडीच्या पोटाखाली जायचं. बाहेर फक्त दोन पावलं दिसत. आमच्या बिल्डिंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी ती पावलं पाहून एवढी किंकाळी फोडली होती की पुरूदादा घाबरून उठायला गेले आणि त्यांचं डोकं सायलेन्सरवर आपटलं. आत गेल्यावर दहा मिनिटांनी रोज आवाज येई, "आहे!"

म्हणजे चेंबर आहे. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं जे भांडं असतं त्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. ते फुटलं की ऑइल सांडतं, ऑइल सांडलं की इंजिन बसतं, आणि इंजिन बसलं की आपणही रस्त्याच्या कडेला बसतो. गाडी रात्रभर अंगणात उभी असे, तिला कोणी बोटही लावलेलं नसे. पण सकाळी हाताने चाचपून पाहिल्याशिवाय पुरूदादांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

मी मूळचा सांगलीकडचा. नोकरी मुंबईत, हिशेब खात्यात, आणि परवडणारा फ्लॅट बोळिंजला. तेव्हा बोळिंजमध्ये बिल्डिंगा कमी आणि वाड्या जास्त होत्या. आमच्या बिल्डिंगच्या कुंपणाला लागूनच पुरूदादांची वाडी: केळी, पानवेली, मोगरा, मधोमध कौलारू घर. माणूस पन्नाशीचा, काटक, अंगात बंडी. घरात मुलीशी इथली वाडवळी बोली बोलत, माझ्याशी मात्र पुस्तकातल्यासारखं मराठी. कारण मी 'ऑफिसातला'.

त्यांच्या तोंडी दोन शब्द कायम असत. "धरून चाला."

"धरून चाला, नारळ पडला." म्हणून ते स्वतःच्या वाडीत हेल्मेट घालून फिरत. "धरून चाला, जिना कोसळला." म्हणून ते आमच्या तिसऱ्या मजल्यावर कधी आले नाहीत, काही सांगायचं असलं की खाली उभे राहून ओरडत, आणि त्यामुळे त्यांचं खासगी सगळं सहाही बिऱ्हाडांना कळे. एकदा बायकोने त्यांना गरम भजी खाली नेऊन दिली, तर त्यांनी ती गार होईपर्यंत हातात धरली. "धरून चाला, ठसका लागला."

मला हसू येई, आणि मी हसतही असे. मला वाटे, काही माणसं जन्मतःच घाबरट असतात, त्याला इलाज नसतो. पण दादांना आधी ओळखणारे लोक सांगत की पूर्वी हा माणूस असा नव्हता. विहिरीत वरून उडी मारायचा, माडावर चढायचा. बायको साध्या तापाने तीन दिवसांत गेली तेव्हा मुलगी नलिनी सहा वर्षांची होती. त्या तीन दिवसांत दादा सगळ्यांना सांगत होते, काही नाही, ताप आहे, उतरेल. त्यानंतर त्यांनी कुठल्याच गोष्टीला 'काही नाही' म्हटलं नाही.

ती नलिनी मोठी झाली, डी.एड. झाली आणि तिला नोकरी लागली ती नदीपलीकडच्या आश्रमशाळेत. महामार्ग ओलांडायचा, वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागायचं, मग डांबर सोडून दगडधोंड्यांच्या वाटेने नदीपर्यंत उतरायचं. नदीवर बुटकी फरशी, पुलाच्या नावाखाली टाकलेली. पाऊस जरा वाढला की ती पाण्याखाली. पलीकडे पुन्हा वाट, जंगल, आणि शाळा. शाळेत फोन नव्हता. नलिनी सोमवारी पहाटे जाई, शनिवारी शेअर जीपने परत येई; टपावर बकऱ्या, आत वीस माणसं, आणि त्यांत ही हसत बसलेली. तिला कसलीच भीती वाटत नसे. तिच्या वाटची सगळी भीती घरी बसून बाप भोगत होता.

तिला नोकरी लागली त्याच महिन्यात दादांनी सेकंडहँड पिकअप घेतली. लोकांना सांगितलं, "माल न्यायला." मला मात्र खरं सांगितलं.

"धरून चाला, नलूला तिकडे काही झालं. आणायला कोण जाणार? जीपवाला?"

"मग एकदा रस्ता बघून या ना," मी म्हणालो.

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना विमानातून ढकलत होतो. "अशी? उघडी गाडी घेऊन? आधी तिला चिलखत नको?"

आणि एका रविवारी ते एक वही घेऊन कुंपणाशी आले. नलिनीची जुनी शाळेची वही होती, उरलेल्या पानांवर दादांनी तीन रकाने आखले होते. पहिला रकाना: 'काय होईल'. दुसरा: 'कशाने वाचेल'. तिसरा: 'किती'. इतकं प्रामाणिक अंदाजपत्रक मी आमच्या ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं.

'दगड लागून चेंबर फुटेल. खाली जाड पत्रा.' 'रेडा धडकेल. पुढे पाइपाचा बंपर.' इथवर ठीक होतं. पुढे: 'ओंडका वाहत येऊन दारावर आदळेल. दाराबाहेर पाइप, डावी बाजू.' 'झाडाची फांदी काचेत घुसेल. काचेपुढे जाळी, डावी बाजू.' 'गाडी उलटेल. टपाला आधाराचा पाइप, डावी बाजू.' प्रत्येक ओळीपुढे तुळिंजच्या वेल्डरने सांगितलेला भाव. हा भाव काढायला दादा रूळ ओलांडून तुळिंजला चार वेळा गेले होते. वेल्डर म्हणाला होता, "दादा, गाडी है या टँक? लढाई पे जाना है क्या?" आणि दादांनी गंभीरपणे विचारलं होतं, "टँकला किती जाडीचा पत्रा असतो?"

"खर्च जमेल असं वाटतंय," ते मला म्हणाले. "गणपतीआधी नाही, पावसाआधीच. पानांचे पैसे येतील, मोगऱ्याचे येतील. फक्त तुमची एक नजर फिरली की झालं."

आता हिशेब खात्यातल्या माणसाच्या हातात वही आणि लाल पेन द्यायचं नसतं. मला एक बाजू लिहिलेली दिसली की दुसरी बाजू कुठे आहे असं विचारायची सवय. पगारच त्याचा मिळतो. मी हसलो. "दादा, उजवी बाजू विसरलात की! ओंडका काय तुम्हाला विचारून डावीकडून येणार?"

ते काहीतरी बोलायला गेले. मग माझ्या हातातल्या लाल पेनाकडे पाहून थांबले.

मी सटासट लाल शाईने प्रत्येक ओळीखाली 'उजवी बाजू' लिहिलं, तोच भाव पुन्हा मांडला, खाली बेरीज केली आणि तिला दोन रेघा मारल्या. बेरीज जवळपास दुप्पट झाली होती.

दादांनी त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. "मग आधी खालचा पत्रा तरी मारून घेऊ का?"

मला विनोद सुचला. मला विनोद सुचतात ही माझी खोड आहे. "अर्धं चिलखत घालून लढाईला कोण जातं, दादा? करायचं तर पूर्ण करा."

"बरोबर आहे तुमचं. तुम्ही ऑफिसातले," असं म्हणून ते वही काखेत मारून निघून गेले. मी वर येऊन बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. आज ते आठवलं की मान खाली जाते.

त्या हिशेबाने सगळं लांबलं. पावसाआधी काम व्हायचं नाही, दिवाळीपर्यंत तरी थांबावं लागणार होतं. जून गेला. दादा सकाळी गाडीखाली झोपत होते, "आहे!" ओरडत होते आणि गाडी आगाशीच्या बाजारापर्यंत बैलगाडीच्या वेगाने नेऊन आणत होते. मागून बसवाले हॉर्न वाजवून दमत.

जुलैत पाऊस लागून राहिला. एका शनिवारी नलिनी आली नाही. पुढच्याही शनिवारी आली नाही. दादा बस थांब्यावर दिवसभर उभे राहिले, हेल्मेट घालून, छत्री धरून. जीपवाला भेटला तो म्हणाला, आठ दिवस फरशी बुडालेली आहे, गाडी जात नाही. मी समजूत घातली, "पोरगी शहाणी आहे. काही नाही होत, दादा."

'काही नाही' म्हटल्याबरोबर ते पांढरेफटक पडले. मला जीभ चावावीशी वाटली.

रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दार उघडलं तर पुरूदादा. तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून. डोक्याला हेल्मेट, हातात ओलसर चिठ्ठी. पाणी उतरताच फरशी चालत ओलांडून आलेल्या एका दूधवाल्याने ती दिली होती. नलिनीच्या अक्षरात दोनच ओळी: 'इथे तापाची साथ आहे. मी येत नाही, काळजी करू नका.'

"ताप," दादा म्हणाले. "पाऊस उघडलाय. मी निघालोय. तुम्ही येता का? मला एकट्याला…" आणि थोडं थांबून स्पष्टच म्हणाले, "मला फार भीती वाटतेय हो."

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. खाली आलो आणि गाडी पाहून जागच्या जागी थांबलो.

पत्रा नाही, पाइप नाही, जाळी नाही. पण दादांनी पहाटेपासून खपून वाडीतलं चिलखत केलं होतं. केळीचे चार जाड खांब आडवे करून दाराला काथ्याने आवळून बांधले होते. केळीच्या खोडाची सोपटं आठपदरी दुमडून, गोणपाटात शिवून चेंबरखाली दोरांनी लटकवली होती. पुढच्या बंपरला एक खांब उभा, पानांसकट. वाडीतला माणूस केळफूल बाजारात नेतानाही असंच गुंडाळतो, त्याला डाग पडू नये म्हणून. सगळं काम नेटकं होतं, फक्त ते गाडीवर होतं.

आम्ही निघालो. केळीची पानं वाऱ्याने फडफडत होती. महामार्गाच्या नाक्यावर एका चहावाल्याने हात केला, "वऱ्हाड कुठलं, पाव्हणं? नवरदेव मागे येतोय काय?" दादा समोर रस्त्याकडेच बघत राहिले. दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. मी मनातल्या मनात अजून हसत होतो, हे मी कबूल करतो.

डांबर संपलं आणि माझं हसू संपलं. वाट कसली, ओढ्याचं पात्रच ते. दगडावरून चाक चढलं की गाडी एका बाजूला कलंडायची. खालून ठप्, ठप् असे आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला दादा डोळे मिटत. गाडी चालवणाऱ्या माणसाने डोळे मिटलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. "दादा, डोळे!" मी ओरडत होतो. एकदा तर मी देवाचं नाव घेतलं, मोठ्याने, ऑफिसातला माणूस असून.

नदीशी पोचलो. फरशी उघडी पडली होती, पण तिच्यावरून घोटाभर लाल पाणी अजून वाहत होतं. काठावर एक म्हातारा खेकडे शोधत होता. दादांनी त्याला विचारलं, गाडी जाईल का?

"पानी उतरलाय," तो म्हणाला. "पन वरशी लाकडा वाहत येतान. उजवे बाजूशी येतान. बघून जावा."

उजवीकडून! मी झटकन खाली उतरून गाडीला फेरी मारली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. केळीचे खांब होते ते फक्त डाव्या दाराला. बंपरवरचा खांब डावीकडे. उजवं दार, दादांचं दार, उघडं बोडकं.

"दादा, उजवी बाजू राहिली!"

"राहिली नाही," ते म्हणाले. "ती लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? तुम्ही बसलाय ना तिकडे!"

"हो. मी बसलोय." त्यांना माझा प्रश्नच कळत नव्हता. "येताना डावीकडे नलू बसेल."

मी त्या पाण्याच्या काठावर उभा होतो आणि मला ती वही आठवली. प्रत्येक ओळीत डावी बाजू. त्या माणसाने जगातली सगळी भीती वहीत मांडली होती, आणि त्यात स्वतःला काय होईल ही एकही ओळ नव्हती. विसरलेले नव्हते ते. मीच हुशारी करून त्यांच्या जिवाचा खर्च त्यात घातला होता आणि त्या खर्चापायी पोरीसाठीचा पत्रा पावसाआधी लागला नव्हता.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" माझा आवाज चढला होता. राग माझाच मला आला होता.

"मला वाटलं, तुम्ही हिशेबातले. एकाच बाजूला लोखंड बसवलं तर गाडीचा तोल जात असेल." ते ओशाळले. "बसा लवकर. धरून चाला, पाणी वाढलं."

आम्ही पार झालो. कसे, ते मला सांगता येणार नाही, कारण या वेळी डोळे मी मिटले होते आणि दादांनी उघडे ठेवले होते.

शाळेच्या ओट्यावर नलिनी उभी होती. धडधाकट. केळीच्या पानांनी सजलेली गाडी पाहून तिच्या मागची मुलं टाळ्या पिटायला लागली. दादा उतरले, तिच्याजवळ गेले, हेल्मेट काढलं आणि तिच्या कपाळाला हात लावला. मग दुसरा हात लावून पाहिला. "तू बरी हाय ना? बरी हाय?" एवढंच म्हणत राहिले.

"मी बरी आहे, बाबा. पण बरं झालं आलात. वनिता बरी नाही."

वनिता चौथीतली. चार दिवस तापात, डोळे वर लागलेले. दादांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड बदललं. इतकी वर्षं धरून चाललेली गोष्ट शेवटी समोर येऊन पडली होती. मला वाटलं, हा माणूस आता मटकन बसणार. पण ते म्हणाले, "नलू, डावीकडे बस. तिला मांडीवर घे. तुम्ही," मला, "मागे हौद्यात."

परतताना पाणी जरा चढलं होतं, आणि फरशीच्या मध्यावर तो ओंडका आलाच. हौद्यातून मला तो लांबूनच दिसला, तांबड्या पाण्यात काळा, गोल गोल फिरत येणारा. आता दिशा उलटी होती, ओंडका डावीकडून येत होता. दादांनी तो पाहिला. त्यांनी त्या फरशीवर, वीतभर जागा इकडे नाही की तिकडे नाही अशा ठिकाणी, गाडी थांबवली आणि ओंडका आदळायची वाट पाहिली. तो केळीच्या खांबांवर आदळला. फच्च असा आवाज झाला, खांब फुटून चिकाचं पाणी उडालं, गाडी हातभर उजवीकडे सरकली. उजवं चाक फरशीच्या कडेवर टेकलं. ओंडका गाडीखालून घासत, सोपटं ओरबाडत निघून गेला.

मग केबिनमधून दादांचा आवाज आला, रोज सकाळी गाडीखालून यायचा तोच.

"नलू?"

"आहे, बाबा."

"ती?"

"तीही आहे."

मग त्यांनी गिअर टाकला.

वनिताला मलेरिया होता. दवाखान्यातून तिला दादांच्या घरी आणलं आणि आठवड्याभरात ती आमच्या जिन्यावरून पळायला लागली. दादांना वाटत होतं, या सगळ्यानंतर नलू आता तिकडे जाणार नाही. तसं त्यांनी मला कुंपणाशी हळूच सांगितलंही होतं. पुढच्या रविवारी नलिनीने पिशवी भरली आणि विचारलं, "बाबा, आम्हा दोघींना सोडायला याल ना?" दादांनी गोणपाट घेतलं आणि गाडीखाली गेले. त्या दिवशी आतून "आहे" यायला पाऊण तास लागला.

दिवाळीची वाट न बघता मी त्यांच्याबरोबर तुळिंजला गेलो. वहीतली माझी लाल शाई मीच खोडली होती. वेल्डरने खालचा पत्रा मारला, बंपर केला, डावीकडे पाइप, डावीकडे जाळी. "आधा ही काम?" तो म्हणाला. "दुसरी साइड?" मी त्याला म्हटलं, "हिशेब बरोबर आहे. तू वेल्डिंग कर."

मग दर शनिवारी दादा मुलीला आणायला जाऊ लागले आणि दर रविवारी दुपारी सोडून येऊ लागले. भीती गेली नव्हती. तरी ते जात.

अशाच एका रविवारी मी बाजारातून येत होतो. दादा नलिनीला सोडून परत येत होते, एकटे. डांबरी, कोरडा, मोकळा रस्ता. गाडी मात्र मुंगीच्या पावलांनी चाललेली. डावीकडचा प्रत्येक खड्डा ते लांबून चुकवत होते. स्वतःच्या बाजूचं चाक खुशाल खड्ड्यात घालत होते. फाटकाशी येऊन थांबले, उतरले, गाडीला वळसा घालून डावीकडे आले, दार उघडलं, क्षणभर धरून ठेवलं आणि हळू लावलं.

मी विचारलं, "दादा, आता तर गाडी रिकामी आहे. एवढं जपून कशाला?"

ते दचकले. जाळीवरून हात फिरवत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "धरून चालतो, नलू बसलीय."